'मी' म्हणजे कोण? : इंग्रजी व्याकरणातील एका प्रकरणाचा आमच्याकडील इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार चळवळीवर आम्ही बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळविला तो इंग्रजी व्याकरणातील डायरेक्ट आणि इनडायरेक्ट स्पीचचा. चालकांना वाटले, पत्र लिहिताना आमची काही गफलत झाली असावी. गफलत नव्हती. दहावीला इंग्रजीत नापास झालेल्या माणसाने इंग्रजी व्याकरणावर तासभर बोलावे हे धाडस आहे खरे. पण ह्या प्रकरणाशी आमची गाठ शाळेत पडली ती किरकोळ, आणि पुढे मरोळच्या एका गाळ्यात पडली ती मात्र जन्मभर लक्षात राहण्याजोगी.

गाळा आठ माणसांचा. पत्र्याचे भाग ठोकण्याची एक पॉवर प्रेस. तिच्यापुढची संरक्षक जाळी, जिला कारखान्यात सगळे गार्ड म्हणतात, काढलेली होती. गार्ड असला की हात जपून घालावा लागतो आणि माल कमी निघतो. काढला की माल वाढतो आणि बोटे जातात. आमच्या एका साथीची उजव्या हाताची दोन बोटे अशीच गेली. चार दिवसांनी मालकाच्या कारकुनाने विम्याच्या कामासाठी त्याचा जबाब घेतला. साथीने मराठीत सांगितले : "सुपरवायझर म्हणाला की मी गार्ड काढलाय, तू मशीन चालव." कारकुनाने ते इंग्रजीत असे उतरविले : 'सुपरवायझर सेड दॅट आय हॅड रिमूव्ड द गार्ड अँड टोल्ड मी टू रन द मशीन.' खाली साथीने डाव्या हाताने सही केली.

आता हे इंग्रजी वाक्य पुन्हा मराठीत आणून पाहा. गार्ड कोणी काढला? साथीने! निदान सुपरवायझर तसे म्हणाला, असे साथीच स्वतःच्या सहीनिशी सांगतो आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात अशी तरतूद होती की, सुरक्षिततेसाठी बसविलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढले आणि त्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्याखेरीज मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नाही. दोन बोटांची किंमत अशी एका सर्वनामावर येऊन टेकली.

कारकून वाईट माणूस नव्हता. तोही आमच्यासारखाच मराठी शाळेतून आलेला. त्याने पाठ केलेल्या नियमांपैकी काळ बदलण्याचा नियम नीट पाळला, 'हॅव'चे 'हॅड' केले. सर्वनाम बदलण्याचा तेवढा राहिला. परीक्षेत ह्या चुकीला अर्धा गुण जातो.

हे नियम आम्हांला शिकविले कोणी, तेथून आरंभ करू. महाराष्ट्रात इंग्रजी शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. पुढे १९३० नंतरच्या दशकात रेन आणि मार्टिन ह्या जोडीचे हायस्कूल इंग्रजी व्याकरण मुंबईत निघाले आणि ते देशभर पसरले. ह्यातला रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. १९०३ मध्ये तो इकडच्या शिक्षणखात्यात आला आणि कराचीच्या हायस्कुलाचा मुख्याध्यापक झाला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. नंतर विलायतेत जाऊन त्याने फ्रेंच परदेशी पलटणीवर 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरी १९२४ साली लिहिली. साहसकथा लिहिणाऱ्या माणसाचे नाव आमच्या मुलांच्या डोक्यात राहिले ते मात्र व्याकरणाचा मास्तर म्हणून. त्याच्या पुस्तकावर हक्कधारक म्हणून जुहूच्या माणेकजी कूपर एज्युकेशन ट्रस्टचे नाव छापलेले असे. आम्ही ते पुस्तक फोर्टच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतले. मरोळ नाक्यावरच्या खोलीत रात्रपाळीच्या अगोदर त्यातले धडे गिरविताना हा पत्ता वाचून आम्हांला मोठी गंमत वाटली होती; ग्रंथाचे घर आमच्या खोलीपासून बसच्या अंतरावर होते.

त्यातले हे प्रकरण आठवत नाही असा मॅट्रिक झालेला माणूस विरळा. सांगण्याचे क्रियापद भूतकाळी असेल तर आतला वर्तमान भूतकाळात ढकलावा. 'येथे'चे 'तेथे' करावे, 'आज'चे 'त्या दिवशी', 'उद्या'चे 'दुसऱ्या दिवशी'. सूर्य पूर्वेला उगवतो अशांसारखी त्रिकालाबाधित सत्ये तेवढी आहेत तशी ठेवावी. आणि बोलणाराचा 'मी' काढून तेथे 'तो' बसवावा. ह्या साऱ्याच्या बुडाशी एक कल्पना आहे. वाक्य ज्याने उच्चारले त्याचा काळ, त्याची जागा आणि त्याचा 'मी' हे सर्व काढून घ्यायचे आणि जो ते सांगतो आहे त्याच्या काळात, त्याच्या जागेवर ते नव्याने उभारायचे. युरोपात ही रीत जुनी आहे. रोमचा सीझर आपल्या युद्धवृत्तांतात शत्रूच्या सरदारांची लांबलांब भाषणे अशाच परोक्ष रूपात देतो. विलायतेच्या पार्लमेंटातील भाषणेही पुष्कळ काळ अशीच, 'ते म्हणाले की त्यांना असे वाटले', ह्या थाटात छापली जात. सभागृहाने १९०९ मध्ये स्वतःचे वृत्तलेखक नेमले, तेव्हापासून सभासदाचे शब्द त्याच्या 'मी'सकट छापण्याची रीत रूढ झाली.

काळाच्या नियमापेक्षा आम्हांला आज्ञार्थाचा नियम अधिक बोलका वाटतो. 'पाणी दे' हे वाक्य इनडायरेक्ट करताना 'म्हणाला' चालत नाही. हुकूम केला, विनंती केली, सल्ला दिला, याचना केली, ह्यांपैकी एक क्रियापद निवडावे लागते. मूळ वाक्यात ते नसते. निवडतो तो परिवर्तन करणारा. वर्गात आम्हांला सांगितले होते, बोलणारा मालक असेल तर 'ऑर्डर्ड' आणि नोकर असेल तर 'रिक्वेस्टेड'. आम्ही हे निमूटपणे वहीत उतरवून घेतले. पुढे संघटनेच्या कामात व्यवस्थापनाची पत्रे वाचू लागलो तेव्हा तोच धडा उलटा होऊन समोर आला. आमची माणसे साहेबांच्या खोलीत जाऊन "पगार कधी देता?" एवढे विचारून आली की पत्रात येई : कामगारांनी धमकी दिली. प्रश्नचिन्ह कोठे गेले, हे विचारण्याची सोय नाही. इनडायरेक्टमध्ये प्रश्नचिन्ह राहतच नाही, असा नियमच आहे.

आता आमची मराठी काय करते ते पाहू. संस्कृतात दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे देऊन पुढे 'इति' लावीत. बोलणाराचा 'मी' आत सुखरूप राही. 'इतिहास' ह्या शब्दाची फोडच 'इति ह आस', म्हणजे 'असे खरोखर होते', अशी करतात. सभेच्या नोंदवहीलाही आपण इतिवृत्त म्हणतो. जुन्या मराठीत 'इति'ची जागा 'ऐसे' आणि 'म्हणोन' ह्यांनी घेतली. पेशवेकालीन मोडी पत्रे ज्यांनी चाळली असतील त्यांना ठाऊक आहे की, उत्तर लिहिणारा आधी समोरच्याच्या पत्रातील मजकूर पुन्हा सांगतो आणि शेवटी 'म्हणोन लिहिले ते कळले' असे घालून मग आपले म्हणणे मांडतो. मोडीत विरामचिन्हे नाहीत, शब्दांमध्ये मोकळी जागाही नाही. तेथे हा 'म्हणोन' कुंपणासारखा उभा असतो : ह्याच्या अलीकडचे तुमचे, पलीकडचे आमचे. आमच्या गाळ्यांतील कानडी माणूस ह्या जागी 'अंत' म्हणतो आणि तेलुगू माणूस 'अनि'. हिंदी बोलणारा 'कि' लावतो, पण आतला 'मैं' हलवीत नाही. मरोळच्या एका गाळ्यात चार भाषांची माणसे एका डब्यातून जेवताना आम्ही पाहिली आहेत. मिठावरून त्यांचे जमत नसे, पण ह्या बाबतीत चौघेही एका बाजूला आणि इंग्रजी एकटी दुसऱ्या बाजूला.

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातील सहकारी मेजर टॉमस कँडी ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठीला इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे लावून दिली. त्यांतच अवतरणचिन्हे आली. बोलणे कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे दाखवायला दोन टिंबांसारख्या खुणा मिळाल्या. फार मोठी सोय झाली, ह्यात शंका नाही. पण 'म्हणोन' कानाला ऐकू येतो आणि अवतरणचिन्ह फक्त डोळ्यांना दिसते, हा फरक राहिला. जबाब देणारा तोंडाने बोलतो. त्याच्या वाक्यात चिन्हे घालायची की नाही हे लिहून घेणाराच्या हाती.

मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. दामले म्हणजे केशवसुतांचे धाकटे भाऊ. अशा मोठ्या व्याकरणांतून गाळून शाळेत जे उतरले त्यात 'की' आणि 'म्हणून' ही स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यये म्हणून आम्ही पाठ केली. 'तो म्हणाला की मी हरलो' हे त्याचे उदाहरण. हरला कोण, हे मास्तरांनी विचारले नाही आणि आम्हांलाही सुचले नाही. खरे म्हणजे हे वाक्य दोन्हीकडे वळते. तो स्वतः हरला असे तो म्हणाला, किंवा हे सांगणारा हरला असे तो म्हणाला. आमच्या साथीच्या जबाबात नेमकी हीच फट होती. तेव्हा सगळा दोष इंग्रजीवर लोटणे बरोबर नाही. मराठी हा घोटाळा आवाजाने, हाताने आणि डोळ्याने मिटविते. कागदावर यांतले काहीच उतरत नाही.

कोणाचे शब्द कोणाच्या खात्यावर मांडायचे, ह्या प्रश्नाने ह्याच मुंबईच्या हायकोर्टात एकदा सारा महाराष्ट्र श्वास रोखून बसला होता. 'केसरी'च्या १५ जून १८९७ च्या अंकात दोन मजकूर आले होते. एक 'शिवाजीचे उद्गार' नावाची कविता; तीत शिवाजी महाराज स्वतः, प्रथमपुरुषात बोलतात. दुसरा पुण्यातील शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तांत. त्यात प्राध्यापक भानू आणि इतर वक्त्यांच्या भाषणांचा सारांश होता. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या महिन्यात टिळकांना अटक झाली. पाहा, एकात शिवाजीचा 'मी', दुसऱ्यात वक्त्यांचे 'असे म्हणाले'. संपादकाचा 'मी' कोठेच नाही. खटला मात्र उभा राहिला तो संपादक आणि मुद्रक ह्यांच्यावर. पुरावा म्हणून वाचली गेली ती इंग्रजी भाषांतरे. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी गृहस्थ. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले आणि न्यायमूर्ती स्ट्रेची ह्यांनी दीड वर्षाची शिक्षा दिली. मुद्रक सुटला. वर्तमानपत्राच्या कायद्यात छापणारा जबाबदार असतोच, हे आम्हांला समजते. पण ऐतिहासिक पुरुषाच्या तोंडी घातलेले उद्गार आणि सभेचा वृत्तांत ह्यांतून लिहिणाराचा हेतू काढायचा, तोही परक्या भाषेतून, हे काम वाटते तितके सरळ नाही. टिळकांनाही ते पुरते उमगले असावे. १९०८ च्या खटल्यात ते स्वतः एकवीस तासांहून अधिक वेळ बोलले, त्यात सरकारी भाषांतरातील एकेक शब्द त्यांनी तपासून घेतला. शिक्षा टळली नाही. निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्यांतल्या बहुतेकांना भाषांतराचा वाद वाचता आला नसता, पण कोण कोणाबद्दल काय म्हणाले एवढे त्यांना कळले होते.

तिसऱ्या वेळी गोष्ट वेगळी झाली. १९१६ च्या मे-जूनमध्ये टिळकांनी बेळगाव आणि नगर येथे स्वराज्यावर भाषणे केली. पोलिसांच्या लघुलेखकांनी ती मराठीतच उतरवून घेतली होती. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटाने चांगल्या वर्तणुकीचा वीस हजारांचा जातमुचलका मागितला. हायकोर्टात जीनांनी बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचेलर व शहा ह्यांनी तो हुकूम रद्द केला. सुटकेची कारणे कायद्याची होती, लघुलेखनाची नव्हेत. पण भाषण अखंड समोर असले म्हणजे ते अखंड वाचता येते, हे आम्ही आमच्या पुरते त्यातून घेतले.

गिरणी कामगारांच्या वाट्याला लघुलेखक कोठून येणार? नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनकडे दिले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा त्या मागण्या. रविवारची सुट्टी १८९० साली पदरात पडली. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडले. पुढे १९२९ मध्ये व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखाली मजूर कमिशन नेमले गेले, आपले ना. म. जोशी त्याचे सभासद होते. त्या कमिशनपुढील तोंडी साक्षी प्रश्नोत्तररूपाने छापल्या आहेत. मजुराचे उत्तर तेथेही इंग्रजीतच आहे, पण निदान प्रश्न कोणता आणि उत्तर कोणते, हे वेगळे दिसते. कोर्टात साधारणपणे तेवढेही नसते. १९०८ च्या दिवाणी संहितेने साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या रूपात न घेता सलग निवेदनाच्या रूपात लिहावी असे सांगितले. वकिलाने विचारलेला प्रश्न आणि साक्षीदाराने हलविलेली मान, दोन्ही मिळून कागदावर साक्षीदाराचे एक सलग वाक्य होते.

एक लहानसा शब्द मराठीने ह्या अडचणीवर शोधून काढलेला आहे, आणि तो रोज सकाळी वर्तमानपत्रात आपल्या डोळ्यांखालून जातो. 'आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्री म्हणाले.' हा 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे. तो मंत्र्याचा स्वतःचा 'मी' आहे, फक्त बातमीदाराच्या 'मी'शी त्याची गल्लत होऊ नये म्हणून कपडे बदलून आलेला. साथीने 'सुपरवायझर म्हणाला की आपण गार्ड काढलाय' असे म्हटले असते तर घोटाळा बराच टळला असता. पण प्रेसवर काम करणारा माणूस बातमीदाराची मराठी बोलत नाही, आणि त्याने बोलावी अशी अपेक्षाही करू नये. शिवाय ह्या 'आपण'चे दुसरे दुखणे आहे. सभेत आम्ही म्हणतो, "आपण संपावर जाऊ." त्यात ऐकणारा धरला आहे. "आम्ही संपावर जाऊ" म्हटले की ऐकणारा वगळला. व्यवस्थापनाशी बोलताना 'आम्ही' आणि साथींशी बोलताना 'आपण', हा भेद आमच्या धंद्यात जेवणातल्या मिठाइतका लागतो. इंग्रजीत दोन्हींचे 'वुई' होते आणि इनडायरेक्टमध्ये त्याचे 'दे'. कोण कोणाबरोबर होते, हे त्या 'दे'मध्ये सापडत नाही.

आता गाळ्यातील साथीकडे परत येऊ. दावा भरपाई आयुक्तांपुढे गेला. मालकाच्या वकिलांनी तो इंग्रजी जबाब आणि खालची सही पुढे केली. आम्ही कारकुनाला विचारले, हे साथीच्या तोंडचे शब्द आहेत काय? तो म्हणाला, त्यांचा अर्थ आहे. मूळ मराठी शब्द लिहून ठेवले आहेत काय? नाहीत. हे वाक्य सही घेण्यापूर्वी त्याला मराठीत वाचून दाखविले होते काय? कारकून थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "वाचून दाखवलं, पण इंग्रजीत."

मग आयुक्तांनी स्वतः साथीला सांगितले, तेव्हा काय झाले ते तुमच्या शब्दांत सांगा. साथीने तेच वाक्य पुन्हा म्हटले, अक्षरही न बदलता. "सुपरवायझर म्हणाला की मी गार्ड काढलाय, तू मशीन चालव." आयुक्तांनी लेखणी थांबविली आणि विचारले, "मी म्हणजे कोण?" साथीने पट्टी बांधलेला हात उचलून मागे बसलेल्या सुपरवायझरकडे केला. "साहेब, मी म्हणजे मी नाही. मी म्हणजे तो." अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' नाटकाची कोणाला तरी आठवण झाली असावी, मागल्या बाकावर हसू फुटले. साथीला ते कळले नाही. तो हात तसाच धरून उभा राहिला.

त्या दिवशी निकाल लागला नाही. दोन तारखांनंतर मालकाने तडजोड केली. रक्कम आम्ही मागितली होती त्याहून कमी होती, आणि ती घ्यावी की लढत राहावे ह्यावरून आमच्यात आणि साथीच्या घरच्यांत वाद झाला. शेवटी त्यांनी घेतली. त्याच्या बायकोचे म्हणणे असे होते की, पावसाळ्याच्या आधी पैसे हातात आले तर गावचे घर शाकारता येईल. तिचा हिशेब आमच्या हिशेबापेक्षा बरोबर होता, असे आता वाटते.

तेव्हापासून जबाबासाठी बोलावणे आलेल्या साथीबरोबर आमचा कोणीतरी जातो आणि एक कोरी वही नेतो. वहीत जबाब मराठीत, किंवा बोलणाराची भाषा असेल तीत, तोंडून आला तसा उतरवितो. दुसऱ्याचे बोलणे आले की तेथे थांबवून विचारतो, हा 'मी' कोण, आणि त्याचे नाव कंसात घालतो. दुसरीकडे इंग्रजीत काय लिहिले जाते ते लिहिले जावो. अशा अकरा वह्या झाल्या आहेत. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ते प्रेसचे वाक्य आहे, नंतर आठवून लिहिलेले. 'मी' शब्दाच्या पुढे कंसात सुपरवायझरचे नाव आहे.